न्यायाधीश निःपक्षपाती असला तरी पारडे एका बाजूला का झुकते

अपघातात पाय गमावलेला एक माणूस विमा कंपनीविरुद्ध भरपाईचा दावा लावतो. कागदावर दोघांचे हक्क सारखेच असतात. वकील नेमण्याचा, पुरावा देण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि निकाल पटला नाही तर वरच्या न्यायालयात जाण्याचा अधिकार त्या माणसाला जितका आहे, तितकाच कंपनीलाही आहे. आता असे समजू की, न्यायाधीश पूर्णपणे निःपक्षपाती आहे, लागू होणारा कायदा कोणाकडेही कललेला नाही, आणि दोन्ही बाजूंचे वकील सारखेच हुशार व प्रामाणिक आहेत. एवढे सगळे जुळून आले तरीही कंपनीची बाजू वरचढ राहते. ती का राहते, याचे आजवरचे सर्वांत चांगले स्पष्टीकरण मार्क गॅलँटर या अमेरिकी कायदेपंडिताने 1974 साली ‘लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू’ या नियतकालिकातील एका दीर्घ निबंधात मांडले. ‘ज्यांच्याजवळ आहे, तेच पुढे का राहतात’ असा त्या निबंधाच्या शीर्षकाचा आशय आहे. न्याय, सार्वजनिक धोरण आणि वकिलीचा व्यवसाय या तिन्हींचा एकत्र विचार करायचा असेल, तर मला त्याच्याइतकी चांगली सुरुवात दुसरी दिसत नाही.

गॅलँटर यांच्या आधीचे बहुतेक अभ्यासक कायद्याच्या नियमांपासून सुरुवात करीत. नियम काय आहे, तो न्याय्य आहे का, न्यायालय त्याचा अर्थ कसा लावते, असे प्रश्न विचारत ते पक्षकारापर्यंत येत. गॅलँटर यांनी दिशा उलटी केली आणि पहिला प्रश्न पक्षकारांबद्दलच विचारला: न्यायालयात आलेला हा पक्ष येथे कितव्यांदा आला आहे?

या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यांनी पक्षकारांचे दोन प्रकार केले. आपण त्यांना ‘नेहमीचे पक्षकार’ आणि ‘प्रासंगिक पक्षकार’ म्हणू. विमा कंपनी, कर्ज देणारी बँक, मोठा घरमालक, कर खाते, सरकारी अभियोग पक्ष हे नेहमीचे पक्षकार होत. एकाच प्रकारचे खटले ते वर्षानुवर्षे लढतात, एखादा खटला हरल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही आणि पुढेही असे खटले येणारच, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. अपघातग्रस्त, घटस्फोट घेणारे दाम्पत्य, घर खाली करण्याची नोटीस मिळालेला भाडेकरू, पहिल्यांदाच आरोपी झालेला माणूस हे प्रासंगिक पक्षकार. त्यांच्या दृष्टीने तो एक खटला म्हणजे सर्वस्व असते, किंवा दाव्याची रक्कम इतकी लहान असते की लढण्याचा खर्चही त्यातून निघत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही आपली म्हण नीट ऐकली, तर ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसालाच उद्देशून आहे हे लक्षात येते. रोज त्याच पायऱ्या चढणाऱ्याला तो उपदेश कोणी करीत नाही, आणि त्याला त्याची गरजही नसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नेहमीचा पक्षकार श्रीमंतच असतो किंवा प्रासंगिक पक्षकार गरीबच असतो, असे गॅलँटर म्हणत नाहीत. व्यवहारात हे दोन भेद बहुतेक वेळा एकमेकांवर बसतात, पण नेहमी बसत नाहीत. किरकोळ गुन्ह्यांसाठी पुन्हापुन्हा पकडला जाणारा निराधार माणूस न्यायालयात शंभर वेळा उभा राहिला, तरी त्या अनुभवाचे बळ त्याला मिळत नाही. वारंवार येण्यासोबत पुढचा डाव आखण्याची ऐपतही असावी लागते.

नेहमीच्या पक्षकाराचा पहिला फायदा खटल्याच्याही आधी सुरू होतो. मागच्या वादांतून तो शिकलेला असतो, म्हणून पुढच्या व्यवहाराची कागदपत्रे तो स्वतः लिहितो. कर्जाचा करार, विम्याची पॉलिसी, नोकरीचे नियुक्तिपत्र, भाडेकरार यांच्या छापील नमुन्यांत वाद झाल्यास काय पुरावा मानला जाईल, किती दिवसांत तक्रार करावी लागेल, आणि ती कोठे करावी लागेल, हे सगळे एका बाजूने आधीच ठरवलेले असते. समोरचा माणूस सही करतो, त्या क्षणी वाद अजून जन्मालाही आलेला नसतो. पुढे न्यायाधीश करार जसा आहे तसा वाचतो, आणि त्याने तसाच वाचावा अशी आपलीही अपेक्षा असते. म्हणजे निःपक्षपातीपणे वाचलेला कागदच एका पक्षाने लिहिलेला असतो.

दुसरा फायदा सरासरीचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, एखाद्या दाव्यात पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता निम्मी आणि काहीच न मिळण्याची शक्यताही निम्मी आहे. ज्या कंपनीकडे असे हजार दावे आहेत, तिच्यासाठी प्रत्येक दाव्याची किंमत अर्धी रक्कम एवढीच ठरते. काही दावे हरले, काही जिंकले, तरी वर्षअखेरीस हिशेब तेथेच येतो. पाय गमावलेल्या माणसाला मात्र हजार वेळा नशीब आजमावता येत नाही. त्याच्याकडे एकच दावा आहे आणि दवाखान्याची देणी आज भागवायची आहेत, त्यामुळे अर्ध्याहून बरीच कमी रक्कम हातात पडत असेल, तर ती घेणे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. या तडजोडीत कोणी कोणाला फसवलेले नसते. तरीही असे हजार शहाणे निर्णय एकत्र केले, तर कायद्याने अपघातग्रस्तांना देऊ केलेल्या रकमेचा मोठा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

विशेषज्ञ वकिलांशी कायमचा संबंध, कार्यालयीन कर्मचाऱ्यांशी ओळखदेख, एकच तयारी अनेक खटल्यांत वापरता येण्याची सोय, ‘ही कंपनी शेवटपर्यंत लढते’ असा दबदबा, हे फायदे कोणालाही सहज लक्षात येतील. त्यांवर अधिक थांबत नाही. थांबायला हवे ते नियमांसाठी खेळण्याच्या मुद्द्यावर.

प्रासंगिक पक्षकाराला त्याच्या दाव्याचा निकाल हवा असतो. नेहमीच्या पक्षकाराला निकालासोबत नियमही हवा असतो, कारण आजचा निर्णय उद्याच्या शेकडो खटल्यांत आधार म्हणून वापरला जाणार असतो. म्हणून ज्या खटल्यात आपली बाजू कमकुवत आहे आणि प्रतिकूल पायंडा पडण्याचा धोका आहे, तेथे तो चांगली रक्कम देऊन तडजोड करतो. जेथे बाजू भक्कम आहे तेथे तो वरच्या न्यायालयापर्यंत लढतो. कॅथरीन अल्बिस्टन यांनी अमेरिकेच्या 1993 च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याखालील निर्णय तपासून 1999 मध्ये हीच प्रक्रिया दाखवून दिली. कामगारांच्या बाजूने भक्कम असलेली प्रकरणे तडजोडीत मिटत आणि त्यांचा न्यायालयीन मागमूस उरत नसे, तर कामगार हरलेली प्रकरणे प्रसिद्ध निर्णयांच्या रूपाने मागे राहत. त्यातून कामगारांसाठी केलेल्या कायद्याचा न्यायालयीन अर्थ हळूहळू मालकांना अनुकूल होत गेला. प्रत्येक कामगाराने स्वतःपुरती योग्य तडजोड केली होती, आणि तरीही पुढच्या कामगाराची वाट थोडी अधिक अवघड झाली होती. कायद्याच्या अभ्यासात मला इतकी अस्वस्थ करणारी दुसरी गोष्ट क्वचितच आढळली आहे.

आता वकिलांकडे येऊ. चांगला वकील मिळाला की प्रासंगिक पक्षकाराची उणीव भरून निघते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि तिच्यात तथ्यही आहे. वकील स्वतः वारंवार न्यायालयात येणारा असतो. अशिलाजवळ नसलेला अनुभव तो पुरवतो. पण वकिलीचा व्यवसायही अशिलांच्या प्रकारानुसार दुभंगलेला असतो. जॉन हाइन्झ आणि एडवर्ड लाउमन यांनी 1975 मध्ये शिकागोतील 777 वकिलांच्या मुलाखती घेतल्या आणि 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत असे दाखवले की, त्या शहरातील वकीलवर्ग जणू दोन गोलार्धांत विभागला गेला होता. एका बाजूला कंपन्या आणि मोठ्या संस्थांचे काम करणारे, दुसऱ्या बाजूला व्यक्तींचे आणि लहान धंद्यांचे काम करणारे. शिक्षणसंस्था, सामाजिक पार्श्वभूमी, प्रतिष्ठा या सगळ्यांत फरक होता, आणि एका गोलार्धातून दुसऱ्यात जाणारे थोडेच होते. वीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा संस्थांच्या कामाला दिला जाणारा वेळ व्यक्तींच्या कामाच्या दुपटीच्या आसपास गेला होता.

यात वकिलांच्या वैयक्तिक नीतीचा प्रश्न फारसा नाही. कंपनीचा वकील त्याच अशिलासाठी वर्षानुवर्षे काम करतो, म्हणून तो करार लिहिण्यापासून धोरण ठरवण्यापर्यंत सल्ला देऊ शकतो. अपघातग्रस्ताचा वकील त्या अशिलाला पहिल्यांदा आणि शेवटचा भेटतो. वाद उद्भवल्यानंतर भेटतो. आणि पुष्कळदा त्याला त्या एका अशिलापेक्षा ज्या विमा अधिकाऱ्याशी पुढेही व्यवहार करायचा आहे, त्याच्याशी संबंध राखणे सोयीचे जाते. व्यवसायाचे शिष्टाचारही त्यात भर घालतात. वकिलाने स्वतःहून गिऱ्हाईक शोधू नये, जाहिरात करू नये, हा नियम प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी केला गेला. ज्याला आपले वकील ठाऊक आहेत त्या कंपनीला त्याचा काहीच त्रास नाही. ज्याला आपला हक्क बुडाला आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत मात्र वकील पोहोचू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये बेट्स खटल्यात जाहिरातीवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. भारतात वकिलीचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार ती बंदी आजही आहे. 2008 मध्ये फक्त संकेतस्थळावर ठरावीक माहिती देण्याची मोकळीक मिळाली.

न्यायालयाच्या रचनेचाही यात वाटा आहे. दोन पक्षांनी आपापली बाजू मांडायची आणि न्यायाधीशाने त्यातून निवडायचे, या पद्धतीत न्यायाधीश स्वतः पुरावा शोधायला जात नाही. ती अलिप्तता हे त्याच्या निःपक्षपातीपणाचे लक्षण मानले जाते, पण पुरावा गोळा करण्याचे ओझे त्यामुळे पक्षकारांवर पडते, आणि ते ओझे पेलण्याची शक्ती सारखी नसते. त्यात प्रलंबित खटल्यांचा ढीग वाढला की तारखा लांबतात. ज्याच्या हातात सध्या पैसा, जमीन किंवा ताबा आहे, त्याला उशिराचा लाभ होतो; ज्याला तो मिळवायचा आहे, तो थकतो.

हे सगळे पटण्याजोगे असले तरी ते तपासून पाहायलाच हवे, आणि अभ्यासकांनी ते तपासलेही. स्टॅन्टन व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अमेरिकेतील 16 राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांचे 1870 ते 1970 या शतकातील निर्णय पाहिले. बलवान पक्षांना फायदा होता, पण तो बेताचाच निघाला. यावरून गॅलँटर चुकले असे म्हणण्याची घाई करू नये. जॉर्ज प्रीस्ट आणि बेंजामिन क्लाइन यांनी 1984 मध्येच दाखवले होते की, निकालापर्यंत जाणारे खटले हे सर्व वादांचे प्रातिनिधिक नमुने नसतात. ज्यांचा शेवट स्पष्ट दिसतो ते वाद वाटेतच मिटतात आणि अनिश्चित असलेले तेवढे न्यायासनापर्यंत पोहोचतात. म्हणून निकाल मोजून पारड्याचा कल पूर्णपणे कळत नाही. तो कल तडजोडीच्या रकमेत, न लावलेल्या दाव्यांत आणि सही झालेल्या करारांत दडलेला असतो, आणि ते मोजणे फार कठीण असते.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे मोजली गेली. न्यूयॉर्क शहरातील मॅनहटनच्या गृहनिर्माण न्यायालयात अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वकील देण्यात आले, काहींना नाही. कॅरल सेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, वकील मिळालेल्यांपैकी 22 टक्के भाडेकरूंविरुद्ध अंतिम निकाल गेला, तर वकील नसलेल्यांपैकी 51 टक्के भाडेकरूंविरुद्ध. निवड यदृच्छेने झाल्यामुळे दोन्ही गटांतील प्रकरणांची गुणवत्ता सारखीच होती असे मानता येते. म्हणजे कायदा तोच, न्यायालय तेच, आणि फरक केवळ बाजूला कोणी उभे असण्याचा. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये घर खाली करण्याच्या खटल्यांत अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा केला.

मग उपाय कोणता? गॅलँटर यांनी चार मार्ग तपासले. नियम बदलणे, न्यायालयांची क्षमता वाढवणे, कायदेविषयक सेवा वाढवणे आणि पक्षकारांचीच नव्याने बांधणी करणे. पहिल्या मार्गाविषयी ते फारसे आशावादी नव्हते, कारण नवा नियम कागदावर आला तरी तो जमिनीवर उतरवायला ज्याच्याजवळ साधने आहेत, तोच त्याचा अर्थ ठरवतो; रजा कायद्याचे उदाहरण वर आलेच आहे. त्यांचा भर चौथ्या मार्गावर होता. प्रासंगिक पक्षकारांना एकत्र आणून त्यांचाच एक नेहमीचा पक्षकार घडवावा. कामगार संघटना, भाडेकरूंचे संघ आणि अनेकांचा एकत्र दावा ही त्याची रूपे.

एकत्रित दाव्याची गरज का असते, हे शिकागोच्या अपिलीय न्यायालयातील न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी 2004 मध्ये एका निर्णयात नेमके सांगितले होते: एक कोटी सत्तर लाख लोकांचा एकत्र दावा नाकारला, तर त्याच्या जागी तेवढे स्वतंत्र दावे येणार नाहीत, एकही येणार नाही, कारण तीस डॉलरसाठी फक्त वेडा किंवा हट्टाला पेटलेला माणूसच न्यायालयात जातो. पुढे 2011 मध्ये जवळपास त्याच रकमेचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. ‘मोफत’ म्हणून दिलेल्या मोबाइलवर ग्राहकांकडून 30.22 डॉलर विक्रीकर घेतला गेला होता. ग्राहकांनी एकत्र दावा लावला, पण कंपनीच्या छापील करारात लिहिले होते की प्रत्येकाने एकेकट्याने लवादाकडे जावे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार असे कलम अन्यायकारक मानले जात असे. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, 1925 च्या लवादविषयक संघीय कायद्यापुढे कॅलिफोर्नियाचा तो नियम टिकत नाही. करार आधी लिहिणाऱ्याला मिळणारा पहिला फायदा येथे एकत्र येण्याच्या मार्गावरच येऊन उभा राहिला.

एकत्र येण्याचा दुसरा पेच अधिक खोल आहे, आणि तो भोपाळमध्ये दिसला. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री झालेल्या विषारी वायुगळतीनंतर लाखो बाधित लोक एकाच वेळी प्रासंगिक पक्षकार झाले, आणि समोर युनियन कार्बाइड ही अमेरिकी कंपनी होती. त्यांना एकेकट्याने लढावे लागू नये म्हणून संसदेने 1985 मध्ये कायदा करून सर्व बाधितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारला दिला. सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. असा दावा पेलण्याची क्षमता भारतीय न्यायव्यवस्थेत आहे का, यावर तेथे प्रतिज्ञापत्रे दाखल झाली. भारतीय कायद्याचा दीर्घ अभ्यास असलेल्या गॅलँटर यांनी ती नाही अशी साक्ष दावेदारांच्या बाजूने दिली, तर कंपनीच्या बाजूने भारतातील नामवंत वकील नानी पालखीवाला यांनी ती आहे असे सांगितले. तेथील न्यायाधीश कीनन यांनी 1986 मध्ये खटला भारतात पाठवला. फेब्रुवारी 1989 मध्ये, अंतरिम भरपाईवरील अपील सुरू असतानाच, सर्वोच्च न्यायालयात 47 कोटी डॉलरवर संपूर्ण तडजोड झाली. सरकारची मूळ मागणी तीन अब्ज डॉलरहून अधिक होती. ज्यांच्या नावाने तडजोड झाली, त्यांना आधी विचारले गेले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने 1985 चा कायदा वैध ठरवला, पण बाधितांचे म्हणणे आधी ऐकायला हवे होते हेही मान्य केले, आणि फेरविचाराच्या वेळी ते ऐकले जाईल असे म्हटले. 1991 मध्ये तडजोड कायम राहिली. 2023 मध्ये वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका फेटाळताना, 1991 च्या आदेशाप्रमाणे बाधितांसाठी विमा पॉलिसी न उतरवणे हा केंद्राचाच घोर निष्काळजीपणा असल्याचे पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोंदवले.

प्रासंगिक पक्षकारांना बलवान प्रतिनिधी मिळाला होता, पण त्या प्रतिनिधीवर त्यांचा ताबा नव्हता. भोपाळमधील बाधितांनी त्यानंतर स्वतःच्या संघटना टिकवल्या. त्यांतली एक, भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना, 1998 मध्ये उपचारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेली. कंपनी आता समोर नव्हती; ज्या सरकारने त्यांच्या वतीने तडजोड केली होती, त्याच्याकडूनच औषधोपचार मागायचे होते. 2012 मध्ये न्यायालयाने बाधितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर घेण्याचा, प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड देण्याचा आदेश दिला, आणि पुढील देखरेखीसाठी प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे सोपवले, जेथे त्याच स्त्रियांना पुन्हा तारखांना हजर राहायचे होते.